पेशीची आकृती पुरे, आता पेशी हलताना पाहा

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या जीवशास्त्राच्या वहीत पेशीची आकृती नक्कीच असेल. बाहेर एक रेघ, थोडे अंतर सोडून आत दुसरी रेघ, मध्ये केंद्रक, बाजूला चार-दोन तंतुकणिका, आणि उरलेल्या पांढऱ्या जागेकडे बाण काढून लिहिलेले ‘पेशीद्रव’. आकृती सुबक असली आणि नावे एका ओळीत आली, की पाचपैकी पाच गुण. प्रयोगशाळेत गेलात तर कांद्याचा पापुद्रा आयोडीनने किंवा सॅफ्रनिनने रंगवून दाखवतात. रंगवताना त्या पेशी बहुधा मरतात. म्हणजे वहीत निर्जीव आकृती आणि काचपट्टीवर मेलेली पेशी, एवढ्या भांडवलावर तुम्ही ‘पेशी हा सजीवाचा मूलभूत घटक आहे’ हे वाक्य पाठ करता!

मी पदार्थविज्ञान शिकवतो. जीवशास्त्राच्या अंगणात पाय ठेवण्याचा याला काय अधिकार, असे कुणी म्हणेल. पण माझे म्हणणे नेमके हेच आहे, की त्या पांढऱ्या जागेत जे चालते ते पदार्थविज्ञानच आहे. शिवाय ते पाहायला मुंबई-पुण्याला जावे लागत नाही. आमच्या गोरेगाव तालुक्यात, किंबहुना सगळ्या गोंदिया-भंडारा भागात, गावागणिक बोडी किंवा मामा तलाव आहे. त्यांपैकी बऱ्याच तळ्यांत हायड्रिला नावाची पाणवनस्पती वाढते. लांब नाजूक देठ, त्यावर थोड्या-थोड्या अंतरावर वर्तुळाकार मांडलेली बारीक पाने. ढिवर बांधवांच्या जाळ्यात ती मासळीबरोबर हमखास येते आणि काठावर फेकली जाते. त्या फेकलेल्या पाल्यातले एक कोवळे पान आपल्याला पुरे आहे.

हायड्रिलाचे पान जेमतेम दोन पेशींच्या जाडीचे असते. म्हणून ते कापायला नको, सोलायला नको, रंगवायलाही नको. तळ्याच्याच पाण्याच्या थेंबात ते काचपट्टीवर ठेवा, वर आवरणकाच ठेवा, दिव्याच्या उजेडात दहा-पंधरा मिनिटे राहू द्या आणि मग पानाच्या मधल्या शिरेजवळच्या लांबट पेशी चारशे पट मोठ्या करून पाहा. पहिल्यांदा हिरवे ठिपके दिसतील, ते हरितलवक. थोडा वेळ नजर स्थिर ठेवलीत, की ध्यानात येईल की ते ठिपके चालले आहेत. पेशीच्या भिंतीच्या कडेकडेने, एकामागून एक, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे. शेजारच्या पेशीत वेगळी प्रदक्षिणा. कुणी ढकलत नाही, कुणी ओढताना दिसत नाही, आणि तरी मिरवणूक थांबत नाही.

आता दुसरी काचपट्टी करा. पाण्याच्या वाटीत दुधाचा एकच थेंब टाकून ढवळा आणि त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. दुधातल्या स्निग्धाचे बारीक गोळे जागच्या जागी थरथरताना दिसतील. हीसुद्धा हालचालच. मग दुधाचा थेंब सजीव आणि पान सजीव, असे म्हणायचे का?

हा प्रश्न पोरकट नाही. रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाला तो १८२७ मध्ये पडला होता. परागकणांतून बाहेर पडलेले बारीक कण पाण्यात सतत थरथरताना त्याने पाहिले. त्याला आधी वाटले, हे जीवनाचे लक्षण असावे. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. त्याने दगडांचा चुरा पाण्यात टाकून पाहिला. तोही थरथरला! तेव्हा त्याने ठरवले, की या हालचालीचा सजीवपणाशी संबंध नाही. पुढे १९०५ मध्ये आइन्स्टाइनने दाखवले, की पाण्याचे रेणू उष्णतेमुळे सैरावैरा धावतात आणि कणाला सर्व बाजूंनी धक्के देतात, त्याची ही थरथर. गंमत अशी, की याच ब्राऊनने पेशीतला दुसरा, मिरवणुकीसारखा प्रवाहही पाहिला होता. १८३१ मध्ये जगप्रवासाला निघण्यापूर्वी तरुण डार्विन त्याला भेटला, तेव्हा ब्राऊनने त्याला सूक्ष्मदर्शकातून काहीतरी दाखवले, आणि हे काय आहे असे विचारल्यावर ते आपले गुपित असल्याचे सांगून विषय संपवला. ते बहुधा वनस्पतिपेशीतले जीवद्रव्याचे प्रवाह असावेत, असे डार्विनने म्हातारपणी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. त्या गुपितातला मोठा भाग उलगडायला पुढे दीडशे वर्षे लागली.

दोन हालचालींत फरक काय, हे आकड्यांनी पाहू. आपल्याला गुणाकार-भागाकार येतो, तेवढे पुरे. हरितलवक सुमारे ५ मायक्रोमीटर रुंद असतो. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. केवळ उष्णतेच्या धक्क्यांवर विसंबून एवढ्या गोळ्याला पाण्यातून १०० मायक्रोमीटर, म्हणजे साधारण एका पेशीची लांबी, सरकायचे असेल तर आइन्स्टाइनच्या सूत्राप्रमाणे सुमारे १६ तास लागतात. पेशीद्रव पाण्यापेक्षा दाट, तेव्हा प्रत्यक्षात त्याहून जास्त. आणि तुमच्या डोळ्यांसमोर तो सेकंदाला ५ मायक्रोमीटरने चालला असेल, तर हेच अंतर २० सेकंदांत कापतो. धक्क्यांच्या हालचालीत आणखी एक खोड असते. अंतर दुप्पट केले की वेळ चौपट लागतो, दहापट केले की शंभरपट. मिरवणुकीत अंतर दुप्पट तर वेळ दुप्पट, सरळ हिशोब.

हा हिशोब जरा पुढे नेऊन पाहा. तुमच्या पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत जाणारी मज्जापेशी सुमारे एक मीटर लांब असते. तिच्या एका टोकाला तयार झालेले प्रथिन दुसऱ्या टोकाला पोहोचवायचे आहे. नुसत्या उष्णतेच्या भरवशावर सोडले तर दीड हजार वर्षांहून जास्त काळ लागेल! सेकंदाला एक मायक्रोमीटर या वेगाने कुणी वाहून नेले तर बारा दिवसांत काम होते. तेव्हा ‘पेशीत पदार्थ विसरणाने पसरतात’ हे पुस्तकातले वाक्य छोट्या पेशीपुरते आणि छोट्या रेणूपुरते खरे आहे. मोठ्या पेशीला हमाल लागतातच.

पण वेग हा काही खरा फरक नव्हे. वेगवान वारा निर्जीवही असतो. खरा फरक असा. दुधाच्या थेंबाचा चित्रपट घ्या आणि तो उलटा चालवा. सुलटा कोणता आणि उलटा कोणता, हे जगातला कुणीही सांगू शकणार नाही. जिथे सगळे काही एकाच तापमानाला येऊन समतोलात स्थिरावले आहे, तिथे एका दिशेची प्रदक्षिणा टिकूच शकत नाही. जेवढे कण डावीकडे तेवढेच उजवीकडे. पानातल्या पेशीचा चित्रपट उलटा चालवलात तर मिरवणूक उलटी फिरलेली दिसेल. याचा अर्थ तिथे समतोल नाही, आणि तो मोडलेला ठेवण्यासाठी क्षणाक्षणाला कुणीतरी ऊर्जा खर्च करते आहे. पदार्थविज्ञानात अशा पदार्थाला आता ‘सक्रिय पदार्थ’ म्हणतात. सक्रिय म्हणजे त्याला इच्छा आहे, असे कृपा करून समजू नका. त्याचा प्रत्येक कण स्वतःपाशीच इंधन जाळून हालचाल करतो, एवढाच अर्थ. पंपाने ढकललेले पाणी सक्रिय नव्हे, कारण तिथे ऊर्जा बाहेरून एका टोकाला लावलेली असते.

क्षणाक्षणाला, असे मी मुद्दाम म्हटले. सायकलचे पायडल थांबवले तरी सायकल थोडी पुढे जाते. हे जडत्व तुम्ही शिकला आहात. पेशीच्या जगात जडत्व जवळजवळ नाहीच. हरितलवकाला ओढणारा हात सुटला, तर तो सेकंदाच्या काही लाखाव्या भागात थांबेल, आणि तेवढ्यात तो एका अणूच्या व्यासाइतकाही पुढे गेलेला नसेल. तिथे पाणी आपल्याला काकवीत पोहावे लागल्यासारखे वागते. बळ थांबले की गती थांबली! ज्या ॲरिस्टॉटलला आपण नवव्या इयत्तेत न्यूटनच्या हातून हरवतो, तो या जगात जवळजवळ बरोबर ठरतो. (न्यूटनचा नियम मोडतो असे मात्र उत्तरपत्रिकेत लिहू नका. तो मोडत नाही. घर्षण इतके मोठे असते की बाकीचे दिसत नाही.)

मग ओढणारे हात कोणाचे? पेशीच्या आत प्रथिनांचे धागे असतात. ॲक्टिनचे धागे सुमारे ७ नॅनोमीटर जाड, सूक्ष्मनलिका २५ नॅनोमीटर जाड. यांच्या जाळ्याला पेशीकंकाल म्हणतात. कंकाल म्हणजे सांगाडा. मला हा शब्द फारसा रुचत नाही. सांगाडा म्हटले की वाळलेली हाडे डोळ्यांसमोर येतात. पेशीतला सांगाडा लग्नाच्या मांडवासारखा आहे, पण असा मांडव की लग्न चालू असतानाच इकडचे खांब उपटून तिकडे रोवले जात आहेत. सूक्ष्मनलिका एका टोकाने वाढत असते आणि मध्येच भराभर आखडते, पुन्हा वाढते. हे टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी १९८४ मध्ये दाखवले. आणि या धाग्यांवरून प्रथिनांचेच बनलेले कर्षक रेणू चालतात. हायड्रिलाच्या पेशीत ॲक्टिनच्या धाग्यांवरून मायोसिन चालते, आणि त्याच्या ओढीने सगळे पेशीद्रव फिरू लागते. याच मायोसिनाचे भाऊबंद तुमच्या दंडाच्या स्नायूत आहेत.

मज्जापेशीतला हमाल कायनेसिन. तो १९८५ मध्ये सापडला, आणि १९९३ मध्ये त्याचे पाऊल मोजले गेले: ८ नॅनोमीटर. लेसरच्या प्रकाशाने बारीक मणी चिमट्यात धरावा तसा धरता येतो. या प्रकाशाच्या चिमट्याबद्दल आर्थर ॲश्किन यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यात मणी धरून कायनेसिनला ओढायला लावले, तर तो सुमारे ६ पिकोन्यूटन बळापर्यंत ओढतो. आता हे गणित वहीत करा. ६ पिकोन्यूटन गुणिले ८ नॅनोमीटर म्हणजे ४८ एकक कार्य. एका पावलाला एटीपीचा एक रेणू खर्च होतो. त्यातून पेशीत ८० ते १०० एकक ऊर्जा मिळते. म्हणजे कार्यक्षमता जवळजवळ निम्मी. शेतावरच्या डिझेल पंपाला एवढे साधत नाही. आणि आजूबाजूच्या पाण्याचे रेणू त्याला सतत सुमारे ४ एककांचे धक्के देत असतात. भर वादळात, ठेचा खात, सेकंदाला शंभराहून जास्त पावले एकाच दिशेने टाकणारा हा हमाल आहे. त्याचा विचार करू लागलो की मला वाफेच्या इंजिनाचा धडा शिकवताना मन लागत नाही.

एकट्या हमालापेक्षा जथा कसा वागतो, हे जास्त मनोरंजक. इथे आपल्याच राज्यातले एक काम सांगतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मलिक यांच्या गटाने डिक्टिओस्टेलियम या मातीत राहणाऱ्या सूक्ष्म जीवाच्या पेशीतील पिशव्यांची वाहतूक तपासली आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कायनेसिन एका दिशेला ओढतो, डायनीन हा दुसरा रेणू विरुद्ध दिशेला. एकेकटा डायनीन कायनेसिनपुढे कमजोर. पण अनेक डायनीन एकत्र येऊन एखाद्या दणकट कायनेसिनला तोडीस तोड देतात, अगदी मैदानातल्या रस्सीखेचीसारखे. या ओढाताणीत पिशवी लांब होते आणि तुटण्यालाही त्यामुळे मदत होते. मलिक यांची पीएच.डी. पदार्थविज्ञानातली. २०१४ चे भटनागर पारितोषिक त्यांना मिळाले ते मात्र जीवविज्ञानासाठी. नंतर ते पवईच्या आयआयटीत गेले.

धाग्यांचे जाळे आणि त्यात ओढणारे रेणू असे मिश्रण एकत्र कसे वागते? तळ्याकाठी सैल पडलेले जाळे हाताने कसेही दुमडते. तेच जाळे चारी बाजूंनी माणसांनी ताणून धरले की त्यावर हात मारून पाहा, कसे ताठ लागते. २००७ मध्ये प्रयोगशाळेत ॲक्टिनच्या जाळ्यात मायोसिन घालून एटीपी दिले, तेव्हा जाळ्याचा ताठपणा शंभरपटीच्या जवळपास वाढला. धागे तेच, पाणी तेच. फक्त आत ओढाताण सुरू झाली. असा पदार्थ तुमच्या पाठ्यपुस्तकातील स्थायू-द्रव-वायूच्या तक्त्यात कुठे बसवणार? त्याचे सिद्धांत बांधणाऱ्यांत बंगळुरूचे श्रीराम रामस्वामी आघाडीवर आहेत. त्यांनी आणि अदिती सिंहा यांनी २००२ मध्ये स्वतः पोहणाऱ्या कणांच्या द्रवाची समीकरणे मांडली. २००४ मध्ये यशोधन हातवळणे, मदन राव आणि हे दोघे यांनी दाखवले, की अशा द्रवाची श्यानता ठरवताना नुसते कण किती आहेत हे पुरत नाही, ते पाण्याला ढकलतात की ओढतात हेही पाहावे लागते. ढकलणारे जीवाणू पाण्यात घातले तर पाणी अधिक पातळ झाल्यासारखे वाहू शकते! वाळू घालून पाणी कधी पातळ होते का?

हे सगळे दूरचे वाटत असेल, तर अंगणात पाहा. सदाफुलीपासून मिळणारी व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही कर्करोगावरची औषधे करतात काय, तर सूक्ष्मनलिकांच्या घटकांना चिकटून त्यांची बांधणी बिघडवतात. मांडव उभा राहिला नाही की पेशीचे विभाजन अडते. पावसाळ्यात रानात फुलणाऱ्या कळलावीतले कोल्चिसिन हे विषही तिथेच घाव घालते. (कळलावीच्या कंदाला प्रयोगाच्या हौसेने हात लावू नका. जिवाशी गाठ आहे.)

माझे जीवशास्त्राचे सहकारी म्हणतात, ‘सर, अभ्यासक्रम आधीच ओसंडतो आहे.’ खरे आहे. पण कांद्याच्या पापुद्र्याच्या तासाला शेजारी हायड्रिलाचे एक पान ठेवायला किती वेळ लागतो? पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांचा आक्षेप वेगळा: हे रसायन झाले, यात पदार्थविज्ञान कुठे? त्यांना मी वरची गणिते पुढे करतो. बळ, विस्थापन, कार्य, कार्यक्षमता, श्यानता यांतले काय आपल्या विषयाबाहेरचे आहे? घसरगुंडीवरच्या ठोकळ्याचे तेच ते उदाहरण दरवर्षी घालण्यापेक्षा कायनेसिनचे पाऊल घालावे. उत्तर मिळवताना मुलांना दशमान घातांकांचाही सराव होईल.

माझी खरी चिंता निराळीच आहे. दहावीनंतर विज्ञान शाखेत आलेली आमच्याकडची मुले पहिल्याच आठवड्यात दोन रांगांत उभी राहतात. डॉक्टर व्हायचे ते गणित सोडतात, इंजिनियर व्हायचे ते जीवशास्त्र सोडतात. घरी चौकशी करायला कुणी नसते, शिक्षकही ‘एकच धर’ असा सल्ला देतात. सोळाव्या वर्षी घेतलेल्या या निर्णयाने दोघांनाही हे दालन अर्धे बंद होते: एकाला पेशी ठाऊक, पण तिचे समीकरण वाचता येत नाही, दुसऱ्याला समीकरण सुटते, पण ते कशाचे आहे हे कळत नाही. दोन्ही विषय ठेवण्याची मुभा नियमात आहे. ती घेणे जड जाते हे मी जाणतो, सर्वांनी घ्यावी असेही म्हणत नाही. पण ज्याला कुतूहल आहे त्याला शिक्षकांनी परावृत्त करू नये, आणि ज्याने एक विषय सोडला त्याला निदान सूक्ष्मदर्शकाखालची ती मिरवणूक पाहिल्याशिवाय सोडू देऊ नये.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, एक तास दोघांनी मिळून घ्या. काचपट्टी जीवशास्त्राच्या बाईंनी लावावी, घड्याळ पदार्थविज्ञानाच्या सरांनी धरावे. एखादा हरितलवक स्वतःच्या रुंदीइतके अंतर किती सेकंदांत जातो हे दहा वेळा मोजा, ५ मायक्रोमीटर रुंदी धरून वेग काढा. मग काचपट्टी थंड पाण्याने गार करून पुन्हा मोजा; मिरवणूक मंदावलेली दिसेल. दुधाच्या थेंबात कधीकधी सगळेच गोळे एका बाजूला वाहताना दिसतात, त्याने फसू नका: आवरणकाचेच्या कडेने पाणी सुकत असले की असे होते, आणि तेव्हा सगळे एकाच दिशेने जातात. पानात प्रत्येक पेशीचा फेरा तिच्या चार भिंतींच्या आत असतो. पान लावल्या लावल्या काहीच हलले नाही, तर काचपट्टी टाकून देऊ नका. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे सकाळी पाणी फार गार असते. पान थोडा वेळ कोमट पाण्यात आणि उजेडात ठेवा, आणि शेंड्याकडची कोवळी पाने घेऊन पुन्हा पाहा.